आर्वोसाठीची अकरा मिनिटं

थंडर बे, गुरुवार

प्रिय आर्वो,

परवा शनिवारी आपल्या आईच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये दाखवायची फिल्म एकदाची झाली. तीन दिवस कॉम्प्युटरने छळ मांडला होता. एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की सगळी मेमरी गिळून बसायचं. पंखा घोंघावायचा, स्क्रीन थिजायची. वीस वर्षं लोकांची लग्नं कापून जोडली, आणि घरच्या कामापुढे हात टेकले.

शेवटी माझा भागीदार गॉर्डन आला. बघून त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "रायली, अगं अख्खी म्हातारी एका टाइमलाइनवर कोंबलीस! मशीनने जीव नाही द्यायचा तर काय करायचं?" मग मोठ्या फाइलींच्या हलक्या प्रती केल्या. फरक शून्य. एकेक क्लिप बंद करत गेलो आणि एका क्लिपपाशी सगळं सुरळीत झालं. ती तुझी अकरा मिनिटांची क्लिप होती.

तुला फोनवर म्हटलं होतं ना, आईने तुझ्यासाठी काहीतरी बोलून ठेवलंय, पाठवते म्हणून? सप्टेंबरात तिने माझ्याकडून कॅमेरा लावून घेतला आणि मला खोलीबाहेर काढलं. "हे आर्वोचं आहे. तू कान लावायचे नाहीत, कळलं?" तळ्याकाठचं घर विकल्यापासून सहा वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नव्हता, म्हणून मीही बाहेर जाऊन बसले. ऑक्सिजनच्या मशीनची घरघर फार होती. ती काढायला मी तुझी क्लिप तात्पुरती फिल्मच्याच टाइमलाइनच्या शेवटी ठेवली आणि तिच्यावर आवाज साफ करणारे तीन इफेक्ट एकावर एक चढवले, तेही स्पीकर बंद ठेवून, नुसतं चित्र आणि आवाजाच्या रेषा बघत. तेच मेमरी खात होते. आवाज न ऐकता आवाज साफ करणारी एडिटर मीच एकटी असेन.

गॉर्डन म्हणाला, "ही बाजूला काढ आणि तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर रिकामा कर." तो आम्ही सगळेच डोळे झाकून रिकामा करतो, त्यातलं सगळं पुन्हा आपोआप तयार होतं. मी केला. सॉफ्टवेअर पळायला लागलं. आम्ही वेलदोड्याचा पाव खाल्ला, कॉफी घेतली.

आर्वो, तुझी मूळ फाइल त्याच फोल्डरमध्ये होती, तीही पुसली गेली; बाजूला काढलेली क्लिप म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणारी नुसती खूण असते. सप्टेंबरात दुसऱ्या दिवशी लग्नाचं काम होतं, कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं हवं होतं, म्हणून घाईत मीच ती तिथे टाकली आणि विसरले. कार्डवर आता ते लग्न आहे. दुसरी प्रत नाही. फाइली परत मिळवून देणाऱ्याने काल हात वर केले. हे फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून लिहितेय. ती काय बोलली ते आता कुणालाच कळणार नाही, आणि हे माझ्या हातून झालं. मी फक्त पाहिलं तेवढं सांगू शकते. आधी बराच वेळ ती बोट नाचवून तुला रागावत होती. सातव्या मिनिटाला थांबली, डोळे पुसले. मग हळूहळू बोलत राहिली. शेवटी पुढे वाकून तिने कॅमेऱ्यावर हात ठेवला, तुझ्या गालावर ठेवायची तसा. लेन्सवर बोटांचे डाग पडले म्हणून मी त्या दिवशी तिच्यावर ओरडले होते.

तुझीच, माफी मागायलाही तोंड नसलेली,
रायली