चुलीपाशी बसलेली बॅटरी

२ डिसेंबर

काय गं वही, मागच्या हिवाळ्यात तुला काय काय सांगितलं होतं, सांग बरं! नाही ना आठवत? आठवेल कसं — सुनेने तुझी अर्धी पानं बुखारीची शेगडी पेटवायला घातली. चला, पुन्हा पहिल्यापासून.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात दिस्कित लिहिते. कॉलेजला सुट्टी म्हणून परवाच लेहहून आली आहे. तिला बजावलंय — मी बोलेन तेच लिही, मध्ये शहाणपण घालू नकोस, आणि घरात कुणाला वाचून दाखवू नकोस. (ती हसते आहे. तेही लिही.)

येताना निरोप घेऊन आली. माझी धाकटी बहीण यांगडोल लेहला अंथरुणाला खिळली आहे. अन्न पोटात ठरत नाही. म्हणाली म्हणे, "आचेला सांग, खिंड बंद व्हायच्या आत ये." आचे म्हणजे मी, थोरली. बावीस वर्षांनी निरोप!

मुलगा ग्यालसन लगेच म्हणाला, "आमा-ले, नवी गाडी कशाला घेतली? परवा निघू."

मी म्हटलं, "नवी आहे म्हणून तर विचारते. हिला आपल्या थंडीची सवय आहे का?"

एवढंच विचारलं. बस्स.

३ डिसेंबर

सकाळपासून गाडीभोवती सभा. आठ पुरुष, आठ मतं, गाडी एक. मधोमध मेमे ओद्झेर. म्हाताऱ्याने पलटणीत पंचवीस वर्षं ट्रक चालवला, आता नुसती जीभ चालवतो.

"हँडब्रेक ओढू नकोस रे! रात्रीत गोठला तर चाकं थेट जूनमध्ये फिरतील. दगड लाव."

ग्यालसनने चार चाकांना आठ दगड लावले. तेही निवडून, सपाट, देखणे. उद्या कुणी गाडीला प्रदक्षिणा घालू लागलं तर मला नवल वाटायचं नाही.

मग डिझेल. थंडीत त्याचं तूप होतं, हे सगळ्यांना ठाऊक. त्यात रॉकेल घालावं, हेही सगळ्यांना ठाऊक. किती घालावं, यावर अंधार पडेपर्यंत भांडण. जेवायला सगळे आमच्याकडेच. सुनेने — पाल्मोने — पातेलंभर थुक्पा केला आणि तोंड पातेल्याहून मोठं केलं.

४ डिसेंबर

सहज आठवण निघाली म्हणून बोलले — माझा बाप थंडीत नांगराच्या झोच्या पाठीवर घोंगडी घालायचा. तेव्हा कुठे सकाळी तो जू मानेवर घ्यायचा.

संध्याकाळी गाडीच्या नाकावर दोन रजया, वर याकच्या केसांची घोंगडी. माझी! काचेवरच्या दोन्ही काड्या वर उचलून ठेवल्यात. काचेला चिकटू नयेत म्हणून. लांबून दिसतं, कुणी बाई पांघरूण घेऊन हात जोडून बसली आहे.

६ डिसेंबर

निघायची सगळी तयारी होती. मी फक्त विचारलं, "आणि हिचं काळीज? ते रात्रभर बाहेरच?"

मेमे ओद्झेरने मांडी थोपटली. "आबी-ले, पलटणीत असता तर सुभेदार झाला असता! बॅटरी घरात घ्या. रोज रात्री. चुलीपाशी."

आता आमच्या घरात चुलीपाशी कोण बसतं? थोरलं माणूस. मग त्याच्याहून धाकटं, मग त्याहून धाकटं, अशी दारापर्यंत ओळ. राजा आला तरी ही ओळ मोडत नाही. आज मोडली. पाल्मो म्हणाली, "कोपऱ्यात ठेवली तर गारठेल हो." मीच एक जागा खाली सरकले. म्हटलं, बसू दे. दाराशी गारठ्यात तिला कोण बसवणार?

वर एक शाल टाकली. धूळ नको.

७ डिसेंबर

शेजारीण आली, वाकून चुलीकडे "जुले" केलं आणि मग मला विचारलं, "पाहुण्या कुठल्या?"

९ डिसेंबर

गाडीच्या दाराचं कुलूप गोठलं. ग्यालसनने तोंड लावून फुंकर मारली. ओठ चिकटला! अर्धा तास माझा लेक, शाळेचा हेडमास्तर, गाडीचा मुका घेऊन उभा. त्याच शाळेची पोरं भिंतीवर रांगेत बसलेली. बोलता येईना, नुसतं "ऊं ऊं". पाल्मो कोमट चहा घेऊन गेली, ओठावर ओतला, सोडवला. परत आली ती एवढंच बोलली —

"लग्नाला वीस वर्षं झाली. एवढा वेळ माझ्यापाशी कधी थांबले नाहीत."

ओठ सुजलाय. आज निघणं नाहीच.

११ डिसेंबर

इंजिनाखाली शेणाचे निखारे ठेवायचे, लोखंडी घमेल्यात. तेल पातळ होतं. जुनी रीत. आठवण कुणी करून दिली? मीच. पण रजई उचलायला हवी, हे काय मी सांगायला हवं?

धूर निघाला. सगळा गाव बर्फाची घमेली घेऊन धावला. गाडी वाचली. माझ्या घोंगडीला ताटाएवढं भोक.

"आमा-ले, उद्या निघूया का?" ग्यालसनने विचारलं. तोंड एवढंसं झालेलं.

मी म्हटलं, "साखळ्यांशिवाय? खिंडीत?"

१३ डिसेंबर

लेहचा फोन. यांगडोल आता नुसतं गरम पाणी घेते. दोन घोट.

चाकांच्या साखळ्या लेहहून ट्रकने यायच्या आहेत.

१५ डिसेंबर

साखळ्या आल्या. ट्रकवाला ओळखीचा. म्हणाला, "आबी-ले, रिकामाच परत जातोय. पुढे जागा आहे, हीटर आहे. चला की, दुपारपर्यंत बहिणीपाशी सोडतो."

मी म्हटलं, "मुलाने एवढी गाडी तयार केली, मी ट्रकने गेले तर त्याला काय वाटेल?"

ट्रक गेला. खिंडीवर ढग आहे.

१६ डिसेंबर

आज दिस्कितला म्हटलं, सुरुवातीपासून वाचून दाखव. जरा हसू तरी. तिने वाचलं. मी हसले. निखाऱ्यांपाशी तर डोळ्यांतून पाणी आलं.

वाचून झालं तशी कार्टी वही मिटून बसली. म्हणाली, "आबी-ले, एक विचारू? शहाणपण नाही, नुसतं विचारते. सवय आहे का — कोण म्हणालं? घोंगडीची गोष्ट कुणी काढली? काळीज? निखारे? साखळ्या? ट्रक कुणी परत पाठवला?"

मी म्हटलं, "चहा ओत."

"ओतते. बाबा दर वेळी निघू म्हणाले. एकदा ओठ चिकटला तेवढं सोडा."

चहा थंड झाला. मी प्यायले नाही.

लिही आता. आमची आई तीन वर्षं अंथरुणात होती. यांगडोलने काढलं सगळं — न्हाऊ, माखू, घाण. मी इथे शेतात, पोरात. आई गेली, तेव्हा तिचा पेराक थोरली म्हणून माझ्याकडे आला. फिरोजे जडवलेला डोक्यावरचा साज, कपाळापासून कमरेपर्यंत. रीतच आहे. यांगडोल एवढंच म्हणाली, एकदा घालून बघू का? आणि मी चारचौघांत म्हटलं, "म्हणून केलीस वाटतं सेवा?"

ती उठली, चपला घातल्या, निघून गेली. बावीस वर्षं.

गाडीला थंडीची सवय नाही, असं मी म्हटलं. गाडीला काय कळतंय.

दिस्कित, रडून कागद ओला करू नकोस. अक्षर फिसकटतं, तूच सांगतेस.

१७ डिसेंबर

पहाटे मीच सगळ्यांना उठवलं. "आज. जेवढी तयार आहे तेवढी."

रजया काढल्या. आठ दगड काढले. साखळ्या चढवल्या. निखारे ठेवले, या वेळी नीट. पेराक मांडीवर घेऊन मी पुढे बसले. गाव जमलं, मेमे ओद्झेरने हात वर केला, ग्यालसनने किल्ली फिरवली.

काही नाही! खोकलीसुद्धा नाही.

पुन्हा सभा. डिझेल! वायर! रॉकेल कमी पडलं! रॉकेल जास्त झालं! मला मनात वाटलं — झालं, नशिबात नाही. आणि खरं सांगते वही, जरा सुटल्यासारखंही वाटलं.

तेवढ्यात पाल्मो दारात आली. "चुलीपाशी बसलेल्या पाहुण्यांना नाही का न्यायचं?"

बारा दिवस शाल पांघरून बसली, तर सगळे तिला घरातलंच माणूस समजायला लागले होते! मेमे ओद्झेर आभाळाकडे बघत राहिला.

बसवली. किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात! उगाच कशाला नावं ठेवू — लेकाने बडदास्त ठेवली होती खरी.

खिंडीत बर्फ गुडघाभर. साखळ्या वाजत होत्या. ग्यालसन मंत्र म्हणत होता, मी डोळे मिटून होते. बहिणीला काय म्हणायचं, ते जुळवत होते. जुळलं नाही.

१८ डिसेंबर, लेह

यांगडोलने डोळे उघडले. म्हणाली, "आलीस? एवढा उशीर?"

मी म्हटलं, "गाडी सुरू होत नव्हती."

"बावीस वर्षं?"

मी पेराक तिच्या डोक्यावर ठेवला. थोडा वेळ राहू दिला तिने. मग म्हणाली, "काढ, मान मोडेल. स्क्यू करतेस का? आईसारखा, पातळ."

चार चमचे. ठरले पोटात.

दिस्कित, एवढं पान फाड आणि खाली बापाच्या हातात दे. खिंड बंद व्हायच्या आत घरी जा म्हणावं, मी मार्चपर्यंत येत नाही. चुलीपाशी बॅटरीला बसू दे. आणि परत येणाऱ्या पहिल्या ट्रकने पाठव: आपल्या पाणचक्कीचं सातूचं पीठ, कणीक, वाळवलेले सलगम, लोण्याचा एक गोळा. छुर्पे, ते दगडासारखं वाळलं चीज, पाठवलंस तर रात्रभर भिजवून पाठव — हिला चारच दात उरलेत, आणि ते मला चावायला हवे असतात.