डोळ्याच्या कडेचं विरजण

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (नमस्कार मनापासून, साष्टांग मात्र कागदावरच, कारण डोळ्यात नेत्रदानातून मिळालेलं नवं पारपटल (कॉर्निया) बसवल्यापासून डॉक्टरीणबाईंनी मला खाली वाकायला बंदी केली आहे. चपलासुद्धा तुझी भावजय पुढे सरकवते आणि दर वेळी चार शब्द ऐकवते). तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला गेला का? डोळ्यांचं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर तू वहिनींना लिहूच देणार नाहीस. दुकान बंद असतं, एवढं माझ्या कानावर आलं आहे. घड्याळजीला काटाच दिसेना झाला, तर त्यानं दुकान उघडून माश्या मारायच्या का? आईनं आपल्या दोघांना वारशात दोनच गोष्टी दिल्या, हट्ट आणि बुबुळावर चढत जाणारं हे धुकं. मी त्यातली एक टाकून आलो, तू दोन्ही जिवापाड जपतो आहेस.

मागच्या पत्रात तू लिहवून घेतलंस की परक्याच्या डोळ्याबरोबर परक्याची रोगराई आली म्हणजे? दादा, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, येऊ शकते. माझ्या दारात ती आली होती, आणि मी तिला पाहुणी समजून पाट मांडायला निघालो होतो. तेच सविस्तर कळवतो.

ऑपरेशनआधी मीही डॉक्टरीणबाईंना हेच विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, देणारा माणूस कशानं गेला ते पाहतात, त्याचं रक्त तपासतात, डोळा औषधानं धुतात, मग पारपटल जंतुनाशक घातलेल्या द्रावात ठेवतात. (एवढी चौकशी तुझं लग्न ठरवतानाही आपण केली नव्हती, आणि वहिनींच्या माहेरच्यांनी तर मुळीच केली नव्हती.) एवढं करूनही एखादा चिवट जंतू निसटू शकतो, म्हणून आम्ही नंतरही डोळ्यात तेल घालून पाहतो, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तेल नको, थेंबच घाला. त्या हसल्या नाहीत.

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि खिडकीच्या गजांवरचा गंज मला एकेका ठिपक्यानिशी दिसला. मला रडू आलं. (रडायलाही बंदी आहे का हे विचारायचं राहिलं.) घरी येऊन दोन-तीन दिवस होतात तोच दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. मागे कुणाची तरी ट्रॉली खडखडत होती. त्यातून मला ऐकू आलं, "डोनरच्याकडचं कल्चर पॉझिटिव्ह आलंय, आजच येऊन भेटा."

आता तूच सांग, यात काय वाईट आहे? डोनरच्याकडचं कल्चर, तेही पॉझिटिव्ह! म्हणजे माणसं सुसंस्कृत, घर चांगलं. मी सिस्टरचे आभार मानले, भेटायला सावकाश येईन म्हटलं आणि त्या घराण्याला शोभेल असं वागायला लागलो. टीव्हीवरची भांडकुदळ सासू बंद केली. टॉवेल झटकून वाळत घातला. खालच्या मजल्यावरच्या वकिलाला (ज्याच्याशी मी पाण्याच्या टाकीवरून बोलत नाही) आपण होऊन नमस्कार केला. जेवताना बायकोला म्हणालो, भाजी फार छान झाली आहे. तिथं घात झाला. तिनं हातातला डाव खाली ठेवला आणि विचारलं, "काय लपवताय?"

मी फोनचं सांगितलं. ती म्हणाली, "चांगली बातमी असती तर आजच या कशाला म्हणाली असती? उठा." रिक्षात बसलो, आणि दादा, पहिल्यांदा मला डोळ्यात किंचित टोचतंय असं वाटलं. तेव्हा मी खरोखर घाबरलो. गंजाचे ते ठिपके पुन्हा धुक्यात जाणार, एवढंच डोक्यात होतं.

दवाखान्यात पोचल्यावर उलगडा झाला, सिस्टर म्हणाली होती "डोनरच्या कडेचं". कडेचं! जन्मभर मी छापखान्यात लोकांच्या मात्रा-वेलांट्या तपासल्या आणि शेवटी एका मात्रेनं माझाच घात केला. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पारपटलाचा मधला गोल तुकडा आपल्या डोळ्यात बसवतात आणि उरलेली कड प्रयोगशाळेत पाठवतात. दुधाला विरजण लावतात तशी ती ठेवून द्यायची आणि काही वाढतंय का ते बघायचं, हेच कल्चर. माझ्या कडेवर बुरशी वाढली होती. माझ्या आनंदावर विरजण पडलं ते असं अक्षरशः.

त्यांनी डोळा यंत्रावर बराच वेळ तपासला. मग म्हणाल्या, "कडेला वाढलं म्हणून डोळ्यात वाढेलच असं नाही, बहुधा नाहीच वाढत. पण आपण वाट बघत बसायचं नाही." बुरशीविरुद्धचे थेंब त्याच दिवशी सुरू झाले. रोज तपासणी. दुखलं, लाल झालं, उजेड सोसेना, की धावत यायचं. बायकोनं घड्याळाचा गजर लावून लावून मला सोलून काढलं. आणि काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळा स्वच्छ आहे. (टोचणी निघाली पापणीच्या केसाची.) थेंब अजून काही दिवस चालतील, पण हे पत्र मी त्याच डोळ्यानं लिहितो आहे, आणि शुद्धलेखनाची एक चूक काढून दाखव.

तेव्हा दादा, रोगराई येते. पण तिच्या वाटेवर जागोजागी कुणी ना कुणी जागं बसलेलं असतं.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुला दोन्ही.

तुझा,
धाकटा

ता. क. वहिनी, पत्र तुम्हीच वाचून दाखवत असणार. पुढचं मनातल्या मनात वाचा. येत्या सोमवारी सकाळी दादासाठी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. त्याला सांगा, धाकट्याची तब्येत बिघडली आहे, बघायला जाऊ. मी कण्हायची तालीम करतो आहे.

आणखी एक ता. क. दादा, वहिनी मध्येच थांबल्या म्हणून तू पत्र हिसकावून घेतलंस ना? पालथं केलंस, उजेडात धरलंस, आणि एकही अक्षर लागेना तेव्हा त्यांना परत दिलंस. म्हणूनच हे तुला ऐकू येतं आहे. सोमवारी ये.