बाळाच्या कानात सांगायचं नाव

प्रिय दादा,

उद्या तुझ्या मुलाचं बारसं. आत्या मी, म्हणजे त्याच्या कानात नाव मलाच सांगायचंय. आणि आईने ठरवून टाकलंय, नाव तुझंच. सुहास. ‘माझा सुहास परत आला,’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय. मिल्कमनलासुद्धा! म्हणून तुला लिहितेय. दुसऱ्या कुणाला विचारू?

नाइट ड्यूटी संपवून बर्मिंगहॅमहून निघालास, तेव्हा मोटरवेवर केवढं धुकं होतं. थांबला का नाहीस रे? वाटेतल्या सर्व्हिसेसमध्ये गाडी लावून एक चहा घेतला असतास! वहिनीला सातवा लागला होता.

मी तेव्हा ब्रायटनला होते, की केंटमध्ये सफरचंदं तोडत होते? ‘हिचा पत्ता पेन्सिलनेच लिहायचा,’ म्हणायचास. आता कॉव्हेंट्रीतच आहे, आपल्या घरी. एका चायनीज टेकअवेत काउंटरला उभी असते. तिथली करी तुला आवडली नसती, लोक ती चिप्सवर ओतून घेतात आणि वर व्हिनेगर... बघ, कुठे भरकटले! सांगायचं होतं मालकीणबाईंचं, मिसेस लाऊंचं.

परवा कांदे सोलताना त्यांना बारशाचं बोलले. त्यांची सुरी थांबली.

‘मेलेल्या बापाचं नाव? आमच्यात नाही देत. नावातून माणूस काहीतरी मागत असतो. माझं नाव च्यू-ताय. म्हणजे, भावाला बोलावून आण. मी चौथी मुलगी ना!’

‘मग आला भाऊ?’

‘आला की. पण अजून कुणी मला हाक मारली, तरी बोलावणं त्यालाच.’

आणि हसल्या. मला नाही हसू आलं.

दादा, बाळाला सुहास म्हटलं, तर बोलावणं कुणाला रे? तो दुडदुडत येईल, आणि आई त्याच्या डोक्यावरून दाराकडे बघत राहील.

आणि वहिनी! तिने तुला कधी नावाने हाक मारली? ‘अहो’च. काल म्हटलं, तू तरी बोल काहीतरी. बाटली धुता धुता हळूच म्हणाली, ‘वन्सं, काहीही ठेवा. तेवढं नको. मी त्याला जेवायला हाक कशी मारू?’ आईला ऐकू जाऊ नये म्हणून नळ तसाच सोडून ठेवला होता.

मला आधी ‘आनंद’ सुचलं. पण ते तरी काय? घरात उरलेलाच नाही, तो तान्ह्या पोराने आणून द्यायचा? तूच सांग!

मग नील सुचलं. निळा रंग, बस. त्याच्याकडून कुणाला काही नको. ते ऐकून वहिनीने मान डोलावली, आणि नळ बंद केला.

तर उद्या मी नीलच सांगणार, हे तुला वचन. पाठीत धपाटे बसतील, त्यातला आईचा खरा असेल. बसू दे. मग ती रडेल, तेव्हा तिच्याजवळ मी असेन. परवाही असेन. माझा पत्ता आता पेनाने लिहून ठेव.

तुझी,
मनी