उजवी पडली तर

रविवार, ४ मे

तीन दिवस बाबांशी भांडले आणि मिळवलं काय? — अर्धा हो! "आधी कॉलेज बघून येऊया. मागीर देवीक विचारूया. देवी देता तें खरें."

वनशास्त्राचं कॉलेज. तेही गोव्याबाहेर, रत्नागिरी जिल्ह्यात. पोरीने चार वर्षं हॉस्टेलवर राहायचं आणि शिकायचं काय, तर झाडं! मामा तर हसत सुटले. "दाराभायर रान आसा, तें शिकपाक रत्नागिरीक कित्याक?" शेजारच्या साखळी गावातल्या बी.कॉम.पलीकडे मामांना शिक्षण दिसतच नाही.

कॉलेजने येत्या शुक्रवारी मुलांना बघायला बोलावलंय. होकार पंधरा तारखेपर्यंत कळवायचा. मधे आमची गावदेवी, सातेरी.

मंगळवार, ६ मे

जेवताना दादा म्हणाला, "फार स्वप्नां पळोव नाका." मला राग आला, पण त्याला बोलायचा हक्क आहे. दोन वर्षांमागे ओंकारदादाला बोटीवर नोकरी लागली होती. बाबांनी प्रसाद लावून घेतला. बाबलीकाका गुरवांनी देवीच्या अंगाला उजवी-डावीकडे ओल्या पाकळ्या लावल्या आणि डावी पडली! उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. वर अपील नाही. बाबांनी देवळाच्या पायरीवरूनच बोटीवाल्यांना फोन केला. दादा आता साखळीला मोबाइलच्या दुकानात बसतो.

आमच्या घरात म्हैस घ्यायची तरी देवीला विचारतात. बाबांनी पाणी खात्यातली स्वतःची बदलीसुद्धा विचारून घेतली होती. आणि पाकळ्या लावायचा मान फक्त बाबलीकाकांचा, दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही.

मी देव मानते. पण त्या ओल्या पाकळीला माझ्याबद्दल काय ठाऊक? — लिहिलं खरं, आता भीती वाटतेय. चुकले गे आई सातेरी!

गुरुवार, ८ मे

थिवीहून गाडी पकडली. आईने बारा उंडे पाव बांधून दिलेत. दोन माणसांना बारा! बाबा इस्त्रीचा शर्ट चुरगळेल म्हणून पाठ न टेकता बसले, चिपळूण येईपर्यंत.

शुक्रवार, ९ मे

पाय मोडलेत, पण आज सगळं लिहिणार. एकही गोष्ट विसरायची नाही.

फाटकाशी आम्ही तीसेक मुलं. बहुतेकांचे आईबाप बाहेर झाडाखाली बसून राहिले. माझे बाबा मात्र पुढे आणि मी त्यांच्या मागे! शुभांगी मॅडम म्हणून एक आहेत, झाडांची ओळख शिकवतात. डोक्यावर टोपी, पायात बूट, आणि चालतात अशा की आमची दमछाक. रोपवाटिका दाखवली, लाकडाचे नमुने दाखवले. दाबून वाळवलेल्या फांद्या कागदावर चिकटवून कपाटंच्या कपाटं भरलीयत. बाबा प्रत्येक कपाटाशी थांबून चष्मा लावून वाचत होते. मी मागून शर्ट ओढत होते.

मग कुंपणातला एक तुकडा आला. पाटी — 'देवराई'. बाबांनी पाटी वाचली आणि चपला काढल्या. मीही काढल्या, विचार न करताच. आमच्या देवळामागच्या राईत चप्पल घालून कोण जातं? पडलेली काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. बाकीची मुलं बुटांसकट सरळ आत! मागे खिदळणं ऐकू आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम, हांगाचो देव खंयचो?" बाबांनी विचारलं.

"देव नाही काका. जुन्या रायांतलं बी आणून आम्हीच लावलीय, पंधरा वर्षं झाली. मुलांना शिकायला."

"देव ना आणि राई?" बाबा इतके गोंधळले की मलाच त्यांची दया आली.

मॅडमनी कात्री काढली आणि नेमकी माझ्याच हातात दिली. म्हणाल्या, एक फांदी काप, नमुना कसा घ्यायचा ते दाखवते. माझा हात उचलेना! सगळे बघतायत. कात्री धरून उभी. शेवटी तोंडातून निघालं, "आमच्याकडे विचारल्याशिवाय नाही कापत."

"कुणाला विचारणार?" एक मुलगा म्हणाला. हशा! वाटलं, संपलं. झाडाची फांदी कापता येत नाही अशा मुलीला हे लोक घेतील कशाला? आणि बाबा घरी जाऊन सांगणार, तिथे राईत कात्र्या घालतात.

मॅडम हसल्या नाहीत. बाबांकडे वळल्या. "काका, तुम्ही कसं विचारता?"

आणि बाबांनी काय करावं? तिथेच अनवाणी उभं राहून हात जोडून चक्क गाऱ्हाणं घातलं! "बा देवा म्हाराजा, जो कोण हांगा आसशील आणि नासशील तरीय — म्हजें चेडूं शिकपाक आयलां. एक फांटी घेता. चुकलें-माकलें पोटांत घाल आणि तिचें बरें कर रे म्हाराजा!"

सावंतवाडीकडची दोन-तीन मुलं होती. ती मागून ओरडली, "व्हय म्हाराजा!" त्यांना राहवलंच नसणार. मग सगळेच ओरडले. मॅडमसुद्धा!

मी फांदी कापली.

"हे झाड कुठलं, माहितीय?" मॅडमनी विचारलं. का नसणार? कुडा. चवथीला माटोळीला बांधतो. हे? माट्टी. हिची फळं माटोळीला. तो वेल? कवंडळ. तेही माटोळीला! दर चतुर्थीला बाबा मला गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं-पानं आणायला रानात नेतात, पाच वर्षांची होते तेव्हापासून. मी सांगत सुटले आणि बाबा पाठीमागून हळूच, "आंबाडो, तो आंबाडो सांग" करत होते. बाबा रे माझे! परीक्षा माझी आणि घाम त्यांना.

हसणाऱ्यांतल्या एकालाही कवंडळ ओळखता आलं नाही. बरी जिरली. (वाईट विचार आहे. राहू दे.)

निघताना मॅडम म्हणाल्या, "ऋतिका, तू ये. नावं तुला येतात, बाकीचं आम्ही शिकवू." मला इथेच यायचंय. दुसरीकडे कुठेही नाही. आता डावी पडली तर मी काय करणार?

शनिवार, १० मे

परतीची गाडी. बाबा पूर्ण वेळ खिडकीबाहेर. रत्नागिरी गेलं, कणकवली गेली. मी मनात हजार अर्थ काढले. थिवी यायला दहा मिनिटं असताना म्हणाले, "मेसींत नुस्तें दितात?"

"बुधवारी आणि रविवारी मासे देतात."

"दोनच दीस?" आणि पुन्हा खिडकी.

रविवार, ११ मे

बाबा उद्या सकाळी देवळात जाणार. आईने आतापासूनच फुलं मोजून ठेवलीयत.

सोमवार, १२ मे

उजवी! उजवी! उजवी पडली!

बाबा नऊला आले. अंगणातच, हेल्मेटही न काढता म्हणाले, "दिली गो देवीन. उजवी."

आईने विचारलं, "बेगीन पडली?"

"हय. बेगीन." आणि चहासुद्धा न घेता तसेच ड्युटीवर गेले! मी नाचले, आई रडली, म्हैस दचकली. संध्याकाळी दादा नवा चार्जर घेऊन आला. "हॉस्टेलार लागतलो," म्हणून माझ्यापुढे टाकला आणि आत गेला. त्याच्या मागे गेले आणि गळ्यात पडले. "सोड गो, घाम आयला," म्हणाला, पण उभा राहिला.

देवी, मी तुझ्याबद्दल काय काय लिहिलं होतं! खोडत नाही, पण क्षमा कर.

मंगळवार, १३ मे

होकार कळवला. मॅडमचं उत्तर आलं — काकांना नमस्कार सांग!

गुरुवार, १५ मे

पाकळ्या बाबलीकाकांनी लावल्या, तर त्यांना पेढे नकोत? म्हणून आज गुरवांकडे गेले. काका घरी नव्हते. वत्सलाकाकी ओट्यावर. मी पाया पडले, म्हटलं, सोमवारी काकांच्या हातून माझं काम झालं.

"सोमारा? सोमारा आमी दोगांय खंय आशिल्लीं गो? आयतवारा सकाळींच पेडण्याक गेल्लीं, भयणीगेर. काल सांजेक आयलीं. तुज्या बाबांनीच आमची बॅग स्कूटरीर घालून स्टँडार पावयली न्ही!"

"मग दुसऱ्या कुठल्या दिवशी असेल," मी म्हटलं. पेढे ठेवले आणि आले.

काका गावात नाहीत, हे बाबांना ठाऊक होतं. विचारलं असतं तर पाळावं लागलं असतं. डावी पडली असती तर मी इथेच, दादासारखी. म्हणून बाबांनी माझ्याबद्दल देवीला विचारलंच नाही.

सोमवारपासून ते देवळात गेलेले नाहीत. रोज देवळाच्या फाटकाबाहेर स्कूटर थांबवतात, तिथूनच कान धरतात आणि पुढे जातात. मला वाटलं होतं, ड्युटीची घाई असेल.