पाचही चाकं फिरवा

३ मार्च
किल्ली दिली नाही. धाकटे भावजी दारात उभेच राहिले, चहासुद्धा विचारला नाही मी – लग्नानंतर पहिल्यांदा! म्हणे, "दादाला गाडी लागते." दादा जानेवारीत आईला आणि बायकोला, म्हणजे मला, सोडून दुसरीकडे राहायला गेला, तेव्हा काही लागत नव्हतं? गाडी माझ्या नावावर आहे. रोज घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, लॅबमध्ये पोचवायचे, तेही मलाच.
जाताना म्हणाले, "वहिनी, रस्त्यात पंक्चर झालं तर काय कराल?"
तेच डोक्यात घोळतंय.

४ मार्च
डिकीतलं कार्पेट उचललं. खाली स्टेपनी, तिच्यात एक मोजा, मोडकी छत्री आणि धुळीचा थर. अंगठ्याने दाबली तर अंगठा आत गेला. इतकी वर्षं हे बसलेलं चाक घेऊन रुबाबात हिंडत होतो आम्ही!
तिला धरून ठेवणारा मधला स्क्रू गंजलेला. सासूबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या. शिवणयंत्राचं तेल त्यांनीच आणून दिलं. "माझ्या लेकाने हे कधी उघडलंच नाही वाटतं," म्हणाल्या. लेक तो लेकच, काय वाटत असेल त्यांना.
स्क्रू निघाला. हाताची सालटं निघाली, पण निघाला.

७ मार्च
टायरवाल्याकडे. "साहेब नाही आले?" नाही आले.
हवा भरून स्टेपनी पाण्यात बुडवली. एकही बुडबुडा नाही. मग म्हटलं, पुढची चाकं झिजलीत, जागा बदलून फिरवून द्या. पाचही.
"ताई, चारच फिरवतात. स्टेपनी ती स्टेपनी."
"साइज तीच ना? रबराला भेगा आहेत?"
"नाहीत."
"मग पडून पडून वाळण्यापेक्षा झिजू दे की."
मान खाजवली त्याने. "तुमची गाडी, तुमची मर्जी." स्टेपनी मागे उजवीकडे लागली, पुढचं एक चाक डिकीत आलं. त्यात हवा थोडी जास्तच भरून दिली, पडून राहिलं की उतरते म्हणाला. अधूनमधून तपासायला या, असंही. पुढच्या वेळीही पाचच फिरवायची, सांगून आले.

९ मार्च
अंगणात चाक बदलायचा सराव. आधी नट सैल करायचे, मग जॅक लावायचा. मी केलं उलटं! चाक नुसतंच गरगरलं. मग गाडी खाली घेतली, पान्यावर उभी राहिले, तेव्हा कुठे नट हलला.
शेजारीण कुंपणावरून – "तो तिकडे एक स्टेपनी घेऊन बसलाय, तुम्ही इथे दुसरी!" आणि खो खो हसली.
मला हसू आलं नाही. म्हटलं, "तिला तसं म्हणायचं नाही. सोडून गेला तो माझा नवरा. ती नव्हे." तिच्यावर माझं प्रेम उतू जातंय असं नाही. पण शब्द ऐकवेना.

१० मार्च
कंबर धरली. तरी चाक निघालं आणि पुन्हा बसलं. जॅक, पाना पुसून ओट्याखाली ठेवलेत.

११ मार्च
गाडी नाही. नमुन्यांची पेटी घेऊन बाहेर आले तर अंगण रिकामं. दुसरी किल्ली नवऱ्याकडेच राहिली होती; आधी त्यालाही आठवली नसावी, माझ्या तर ध्यानातच नाही. रिक्षाने गेले. लॅबमधले म्हणाले, पोलिसात जा.
सासूबाईंनी त्याला फोन लावला. "चोरासारखा आलास. मी जागी होते रे. हाक तरी मारायचीस."
त्याने फोन ठेवला. त्या जेवल्या नाहीत.

१३ मार्च
भावजींचा फोन. आवाज लोण्यासारखा. "वहिनी, गाडीतला जॅक कुठे आहे?"
"माझ्या ओट्याखाली. का?"
दादा खाणीच्या रस्त्यावर अडकला होता. पंक्चर. स्टेपनी टंच भरलेली, पण गाडी उचलणार कशाने? भावजी म्हणाले, नेऊन देतो. म्हटलं, जॅक एकटा जाणार नाही. त्यांच्या स्कूटरवर मागे बसले, जॅक आणि पाना मांडीवर.
तो उन्हात उभा. ती दगडावर बसलेली. माझ्याहून लहान, चेहरा उतरलेला. "दे, मी बदलतो," तो म्हणाला आणि जॅक उलटा धरला. मी काढून घेतला. नट सैल केले, गाडी उचलली. काढलेले नट उतारावरून घरंगळायला लागले तेव्हा ती उठली, ओंजळीत गोळा केले आणि एकेक माझ्या हातात देत गेली. तो सिगरेट ओढत होता.
काम झाल्यावर त्याच्यापुढे हात केला. "तुझी किल्ली."
"अगं, आम्ही जाणार कसे?"
"भावजींची स्कूटर आहे."
दिली. मी निघाले. आरशात पाहिलं नाही. खोटं कशाला लिहू – पाहिलं.

१४ मार्च
पंक्चर काढून आणलं. ते चाक आता डिकीत. सासूबाई लॅबपर्यंत सोबत आल्या, उगाचच.

२० मार्च
दुपारी बेल वाजली. ती होती. एकटी, हातात बॅग. "त्यांच्याकडे परत जायचं नाहीये. दुसरं कोणी नाही मला."
मी दारात आडवी उभी. मागून सासूबाई म्हणाल्या, "उन्हात उभी नको ठेवूस तिला."
मी बाजूला झाले.