पाचवी वायर

लोणंद
ता. १८ जानेवारी १९७९

चि. सुरेखास मामाचे अनेक आशीर्वाद.

विशेष. सूनबाई, तुझं संक्रांतीचं पाकीट मिळालं. तिळगूळ वाटेत पार भुगा झाला होता, पण आम्ही दोघांनी तो चमच्यानं खाल्ला. सांगलीच्या पोरींना तू गणित शिकवतेस की टपालखात्याला तिळगूळ कुटायला शिकवतेस, असं तुझी आत्या विचारते. ती थट्टा करते म्हणजे बरी आहे असं मात्र समजू नकोस. दिवाळीपासून तिचा दमा वाढला आहे. कंदील लावला की खोकल्याची उबळ येते. डॉक्टरांनी धूर पूर्ण बंद करायला सांगितला आहे.

आता तिनं एक हट्ट धरला आहे. तिला अर्जुनाच्या डब्यात राहायला जायचं आहे. लष्करी लिलावात मी घेतलेला तो ट्रेलर आठवतो ना? मी निवृत्त झाल्यावर ट्रॅक्टरला जोडून तिला मुलूख दाखवायचा, असं बापलेकांनी ठरवलं होतं. अर्जुनानं शेवटच्या रजेत, गणपतीत, आठ दिवस खपून त्याच्या आत दिव्यांच्या वायरी घातल्या. मग डिसेंबरात लढाई झाली आणि तो गेला. त्याला सात वर्षं झाली. डबा मळ्यात लिंबाखाली तसाच उभा आहे. आत्या म्हणते, पोरानं घातलेले दिवे एकदा लागलेले बघायचे आहेत, मग कुठंही न्या.

मळ्यात वीज नाही. खांब ओढ्याच्या पलीकडेच थांबले आहेत. तू दिवाळीच्या पत्रात लिहिलं होतंस की तुझे घरमालक पायगोंडा पाटील, कॉलेजात शिकवणारे, त्यांच्याकडे उन्हावर वीज करणाऱ्या दोन पाट्या चाचणीसाठी आल्या आहेत. त्या डब्याच्या टपावर बसतील का, एवढं विचार. अट एकच. अर्जुनाच्या वायरी काढायच्या नाहीत. वीज त्यांच्यातूनच गेली पाहिजे.

कांद्याचं पोतं रेल्वेनं पाठवलं आहे. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझा,
मामा

———

सांगली
ता. २७ जानेवारी १९७९

ती. स्व. मामांच्या चरणी सुरेखाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं आणि पोतंही मिळालं. मामा, मी जैनांच्या घरात भाड्यानं राहते. इथं कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही. तुमचं पोतं ओसरीवर बघून चंदनबालावहिनी, म्हणजे पाटीलसरांच्या मंडळी, दिवसभर मागच्या दारानं ये-जा करत राहिल्या. शेवटी ते शाळेच्या शिपाईमामांच्या घरी हलवलं. आता मी रोज त्यांच्याकडे कांदा खायला जाते, जसं कुणी चोरून सिनेमाला जातं.

सरांना विचारलं. ते लगेच तयार झाले. पाट्या वापरात असतानाच त्यांना आकडे हवे आहेत. रोज दुपारी बारा वाजता मीटरचा काटा बघून लिहून ठेवायचा, आणि पावसाळ्याआधी पाट्या परत करायच्या. प्रत्येक पाटी शाळेतल्या मोठ्या नकाशाएवढी आहे, काचेखाली निळ्याकाळ्या पुरीएवढ्या चकत्या आहेत. ऊन पडलं की त्यातून वीज निघून ट्रकच्या बॅटरीत साठते. रात्री ती उलटी पाटीत जाऊ नये म्हणून मध्ये एक पुर्जा घालतात. विहिरीवरच्या पंपाला पाणी उलटं जाऊ न देणारा फूटवॉल असतो, तसंच त्याचं काम, असं तुम्हाला सांगायला त्यांनी सांगितलं.

पण सर म्हणतात, जुन्या वायरींचं रबर कडक झालं असेल. नवीन वायर ओढणं सोपं. जुन्याच ठेवायच्या असतील तर कुठली वायर कुठं जाते याचा नकाशा पाहिजे. घरात असा काही कागद आहे का?

आत्यांच्या छातीला तूप-हळद लावा. हळद मी पाठवते. इथल्या हळदीसारखी तिकडे मिळायची नाही. त्यांनी मला विचारलं, हे वाचून बरं वाटलं. आपली माया असू द्यावी.

आपली,
सुरेखा

———

लोणंद
ता. ११ फेब्रुवारी १९७९

चि. सुरेखास अनेक आशीर्वाद.

पाटीलसर गुरुवारच्या गाडीनं पाट्या घेऊन आले. भला माणूस. आत्यानं त्यांच्यासाठी बिनकांद्याचं पिठलं केलं, आणि लोणंदात बिनकांद्याचं पिठलं म्हणजे केवढा मोठा मान, हे त्यांना कळलं नाही. दिवस मावळायच्या आत जेवले आणि पुन्हा टपावर चढले. ऊन यावं म्हणून लिंबाच्या फांद्या छाटल्या आणि पाट्या दक्षिणेकडे तोंड करून, जरा कलत्या बसवल्या. बॅटरी गॅरेजातून जुनी आणली.

डब्यातल्या लाकडी पेटीतून पाच वायरी निघतात. सरांनी बल्ब लावून एकेक तपासली. एक दाराच्या दिव्याची, एक चुलीच्या जागेची, एक झोपायच्या फळीवरची, एक मागच्या लाल दिव्याची. चारही लागले, सुरेखा. सात वर्षांनी. तुझी आत्या पायरीवर बसून होती. तिनं पदर तोंडाला लावला, आणि मी उगाच पान्हे गोळा करत बसलो.

पाचवी वायर मात्र फळ्यांच्या आत शिरते आणि कुठं जाते ते कळत नाही. तिला बटणही नाही. सर म्हणाले, तिचं दुसरं टोक पत्र्याला टेकलं असेल तर वीज जोडताच पेट घेईल. टोक तरी शोधा, नाहीतर मुळातून कापून टाका. मी दोनदा पक्कड हातात घेतली. कापवत नाही.

तू नकाशा विचारला होतास. त्याचं उत्तर मी इतके दिवस टाळलं. आज सांगतो. अर्जुनाची तार आली, त्यानंतर चौथ्या दिवशी त्याच्याच हातचं पत्र आलं. लढाईआधी टाकलेलं. गेलेल्या माणसाचा कागद घरात ठेवू नये, मरणाचं पत्र वाचून तिथल्या तिथं फाडावं, ही आपली रीत. त्या वेळी मला सुचत काहीच नव्हतं. मी ते पत्र फोडलंसुद्धा नाही. तारेच्या कागदाबरोबर कालव्यात सोडलं. माझ्या पोराचं शेवटचं बोलणं मी न वाचता पाण्यात टाकलं. नकाशा त्यातच असणार, रजेवरून जाताना तो म्हणाला होता की लिहून धाडतो. एवढी वर्षं कुणाला बोललो नाही. आत्याला अजून माहीत नाही.

हळद लावतो आहे. रात्री तिला बसून काढावी लागते. मीटरचा काटा आज बाराला दीडावर होता, सरांना सांग.

तुझा,
मामा

———

सांगली
ता. १९ फेब्रुवारी १९७९

ती. स्व. मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

वायर कापू नका.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते. तुमच्या चिरंजीवांनी, माझ्या यजमानांनी, त्याच टपालानं माझ्या माहेरच्या पत्त्यावर मलाही पत्र टाकलं होतं. आईनं ते लोणंदला आणून माझ्या हाती दिलं आणि फाडायला सांगितलं. मी फाडलं असं सांगितलं आणि परकराच्या नेफ्यात लपवलं. रीत मोडली म्हणून इतकी वर्षं मनात भीती होती. आज वाटतं, तेवढं एकच शहाणपण माझ्या हातून झालं.

मामा, तुमच्या पत्रात काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण त्यांनी मला लिहिलं आहे: "आबांना नकाशा आणि खुशाली धाडली. आबांना म्हणावं, डबा उन्हात ठेवू नका, फळ्या फाटतील. आई ओरडेल, पण पहिला फेरा कोकणात." एवढंच होतं. तुम्ही पाण्यात सोडलं ते एवढंच, आणि ते आता तुमच्यापाशी पोचलं.

तोच नकाशा माझ्या पत्रातही होता; तो जवळ असून मी तुम्हाला कागद विचारला, कारण फाडायचं पत्र ठेवलं हे कबूल करवत नव्हतं. त्याची नक्कल सोबत ठेवते. पाचव्या वायरीचं मात्र त्यांनी तुम्हाला लिहिलं नव्हतं. ते मी सांगावं असं त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. झोपायच्या फळीच्या वर, डावीकडच्या तिसऱ्या फळीमागं एक बारका दिवा आहे, आणि त्याच्या शेजारी आढ्याला एक कडी आहे, वरून पातळ पट्टी मारलेली. ती पाळण्याची कडी. गणपतीत त्यांनी नुसत्या आशेनं ती बसवली आणि हसत राहिले, मला सांगितलं नाही. कार्तिकात मी त्यांना पत्रानं कळवलं की दिवस गेले आहेत. तेव्हा त्यांनी हे उत्तर लिहिलं. "बाळाच्या दिव्याला बटण ठेवलं नाही, कुणी चुकून विझवू नये," असं लिहिलं आहे.

तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून मी घरात बोलले नव्हते. मग तार आली आणि मी लोणंदला आले. सातव्या दिवशी सगळं गेलं. घरात सगळ्यांना वाटलं, माझी नेहमीची अडचण आली. मला गोठ्याजवळ बाजूला बसवलं. मीही तेच खरं म्हणून बसले. माझ्या आईशिवाय कुणाला कळलं नाही. त्याच दिवशी आत्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या, पांढऱ्या पायाची आली आणि माझ्या लेकाची फांदीसुद्धा ठेवली नाही. तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनाच आणखी एक मरण मोजावं लागलं असतं, असं मी मनाशी म्हणायचे. खरं सांगायचं तर मला राग आला होता. त्या रागावरच मी सांगलीला आले, शिकले, नोकरीला लागले.

आत्यांना सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. त्यांचा श्वास अपुरा आहे, आणि मला आता कुणाला शिक्षा करायची नाही.

आपली,
सुरेखा

———

लोणंद
ता. ४ मार्च १९७९

चि. सुरेखास आशीर्वाद. तुझं पत्र मी आठ दिवस खिशात ठेवून हिंडलो. मग आत्याला डब्यात बसवून सगळं वाचून दाखवलं, कालव्याचंसुद्धा. पुढचं ती सांगते आहे आणि मी जसंच्या तसं लिहितो आहे. तिनं तशी शपथ घातली आहे.

सुरेखा, म्या मनुबाई बोलत्ये. तुजं मामा लय रडलं, त्ये त्यास्नी लिवू दे. तिसरी फळी म्याच काडाय लावली. आत पट्टी व्हती, पट्टीखाली कडी. बोटानं चाचपली. मामांनी वायर जोडली आन् दिवा लागला, लिंबाएवडा, पिवळा. मी त्याच्याखाली पडून ऱ्हायले. गोठ्याजवळ तुला बसवलं तवा मी तुला वरून पाणी टाकलं हुतं, लांबून, शिवू न्हाई म्हणून. त्ये माज्या डोळ्यापुढनं हलत न्हाई. तुज्या अंगाखालचं पोतं मी जाळाय लावलं. माजंच नातवंड व्हतं त्ये, पोरी, आन् मी नाक मुरडलं.

पांढऱ्या पायाची मी म्हनले. आता तसं म्हनून फिरवून घ्येता येत न्हाई. माफ कर म्हनाय मी थोरली, तू धाकटी, पर तरी म्हनत्ये. तू ये. तुला त्या दिव्याखाली निजवायची हाय, चार दिस तरी. तवा निजवाय पायजे व्हतं. लवकर ये, मला लय दम न्हाई.

तिचा अंगठा खाली उठवला आहे. शाई जास्त लागली आहे, समजून घे.

तुझा,
मामा

———

सांगली
ता. १० मार्च १९७९

ती. स्व. मामांना आणि आत्यांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र शाळेत मिळालं. मुलींना उदाहरण घालून मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, तास संपेपर्यंत.

मामा, आत्यांना सांगा की मी येते. सातवीच्या परीक्षा चालू आहेत, त्या संपून पेपर तपासून झाले की पाडव्याला सकाळच्या गाडीनं निघते. सुट्टी मागितली तर मुख्याध्यापकीणबाई देतीलही. पण खरं कारण तेवढंच नाही. त्या कडीखाली उभं राहायचं बळ गोळा करायला मला एवढे दिवस पाहिजेत. आत्यांनी ते समजून घ्यावं. सात वर्षं थांबलो, पंधरा दिवस आणखी.

चंदनबालावहिनींनी आत्यांसाठी जुन्या मऊ लुगड्याची वाकळ शिवायला घेतली आहे. दिवा दिवसरात्र चालला तर बॅटरी पुरेल का, असं मी सरांना विचारलं. इतका बारका दिवा पाट्या सहज पोसतील, म्हणाले. तेव्हा विझवू नका. आत्यांना म्हणावं, मनात काही ठेवलेलं नाही. येते आणि समोरच सांगते.

आपल्या दोघांची,
सुरेखा

———

लोणंद
ता. २४ मार्च १९७९

चि. सुरेखास मामाचे आशीर्वाद.

या पत्राचा कोपरा मी रीतीप्रमाणे फाडलेला नाही, म्हणून हातात घेताना तुला काही कळलं नसेल. बस आणि मग वाच. तुझी आत्या परवा, गुरुवारी, पहाटे गेली. डब्यातच. तुझ्या दिव्याखाली.

तार केली नाही. तारेनं एकदा तुझं सगळं नेलं. तसलाच कागद घेऊन दुसऱ्यांदा टपालवाला तुझ्या दारात उभा राहावा, हे माझ्यानं झालं नाही. भावकीनं मला बोल लावला, सुनेला मुखदर्शनही घडवलं नाहीस म्हणून. त्यांचं बरोबर आहे. तू मलाही बोल लाव.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून ती बोटं मोजत होती. पाडव्याला किती दिवस, हे रोज विचारायची. तू पंधरा दिवस मागितलेस त्याचा तिला राग आला नाही. म्हणाली, मी तिला सात वर्षं थांबवली, तिनं मला पंधरा दिस थांबवलं तर काय झालं. मंगळवारी अर्जुनाचा जुना पाळणा माळ्यावरून काढायला लावला आणि कडीला टांगला. रिकामा. दोरी हातात धरून पडून राहायची. मी म्हटलं, हे कशाला. म्हणाली, सुरेखाची पोर निजलीया, आवाज करू नका. पोर होती की पोरगा हे आपल्याला माहीत नाही, पण तिनं पोरगी ठरवली होती. शेवटच्या घटकेलाही दोरी हातातच होती. ती मी सोडवली.

दहाव्याला ये किंवा तेराव्याला ये, जमेल तसं ये. वाकळ घेऊन ये, मी पांघरीन. पाटीलसरांना सांग की गुरुवारचा आकडा लिहायचा राहिला. बाकीचे सगळे लिहिले आहेत. पाट्या पावसाआधी परत करीन, पण तू त्या दिव्याखाली चार दिवस निजल्याशिवाय नाही. तिनं ते माझ्याकडून वदवून घेतलं आहे.

लोकांनी दिवा विझवायला सांगितला, सुतकात पाळण्यावर दिवा बरा दिसत नाही म्हणून. मी पेटी उघडून दाखवली की त्याला बटणच नाही. तो जळतो आहे.

एक मागणं आहे. हे मरणाचं पत्र आहे, पण हे वाचून फाडू नकोस. तुझ्यापाशी अर्जुनाचं आहे त्याच्याजवळ ठेव.

तुझी वाट बघणारा,
मामा