तडका केशोराव

ती. गंगाबाईस,
सडक अर्जुनीहून धाकट्या केशोरावचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? तुझ्या यजमानांचा, आमच्या भाटव्यांचा, खोकला कमी आहे का? फोनवर तू ‘बरा आहेस ना?’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणतो आणि विषय संपतो, म्हणून हे पत्र. (वेळ भरपूर आहे.)

तर, आमच्या समोरच्या ढाब्यावरचा तडका नावाचा कुत्रा पोळ्यानंतर ट्रकखाली आला. मागच्या पायाचं हाड बाहेर दिसत होतं. ढाबेवाला मुन्नालाल म्हणाला, “भाऊसाहब, ये तो गया.” मला फार राग आला. (तुझी भावजय दवाखान्यात होती तेव्हाही एकजण असंच म्हणाला होता आणि त्याचंच खरं झालं, म्हणून जास्त राग आला.) शेजारच्या वीरेंद्रच्या गाडीत, तडक्याला पोत्यावर निजवून कुडवा गावच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत तो मला दोनदा चावला. (इंजेक्शनं दोघांनीही घेतली.) तिथं पेशंटचं पूर्ण नाव विचारलं, तर गडबडीत मी माझंच नाव पुढे जोडलं. थोड्या वेळानं आतून हाक आली, “तडका केशोराव!” बाकड्यावरचे सगळे हसले. मी मात्र उठून उभा राहिलो. दोन वर्षांत माझ्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. ही निदान अर्धी तरी माझी होती.

हाडात सळई टाकली. टाके निघाल्यावर बाई म्हणाल्या, रोज पाण्यात चालवा, भार न पडता पाय हलेल. म्हणून रोज सकाळी पोटाखालून पंचा घालून मी त्याला तलावात धरून चालवायचो, स्वतः कमरेएवढ्या पाण्यात. (आपल्या पणजोबांनी तलाव बांधला तो धानासाठी. हा उपयोग त्यांच्या डोक्यात नसावा.) काठावर धुणं धुणाऱ्या सुलोचनाबाईनं विचारलं, “काऊन भाऊ, नवस फेडून राहिले का?” समजावत कोण बसणार? मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती कुंकू घेऊन आली आणि दोघांनाही टिळा लावला.

घरी भात पुन्हा दोघांचा शिजवू लागलो. जेवताना तो ऐकून घेतो. आपली लहानपणची भांडणंही त्याला सांगितली. चूक तुझीच होती असं त्याचं मत पडलं. आता चारही पाय टेकवतो, किंचित लंगडतो, पण पळतो.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.
तुझा केशोराव

ता. क. तडका गेल्या मंगळवारी ढाब्यावर परत गेला. हाक मारली तर शेपटी हलवली, आला नाही. तिथं दिवसभर माणसं येतात. त्याचंही बरोबर आहे.

ता. क. २. त्याला आणायला धावताना पायरीवरून पडलो. घोट्याला प्लास्टर आहे, तीन आठवड्यांचं. चंदाला रायपूरला कळवू नकोस. पोरगी सगळं सोडून धावत येईल. (येणार नाही, ही भीती जास्त आहे.) तुला चार दिवस येता आलं तर ये. कडी वाजवू नकोस, मला उठायला वेळ लागतो. दार नुसतं लोटलेलं असतं.